चेहरा सरदाराचा, पोशाख दरबाराचा

ऐतिहासिक नाटकातला मुघल सरदार शेवटच्या रांगेतूनही ओळखू येतो. जरीने लडबडलेला मखमली झगा, फुगीर पागोट्यात खोचलेला तुरा, बोटाबोटांत अंगठ्या आणि नुकताच प्याला खाली ठेवल्यासारखे तांबारलेले डोळे. अर्धं आयुष्य मी नाटकांचा कपडेपट सांभाळला. दिग्दर्शकांनी माझ्याकडे मागितलेला सरदार जवळजवळ नेहमी हाच. मी दिलाही. बॅटनच्या उजेडात मखमल चमकते, आणि तिकीट काढून आलेल्या माणसाला चमक हवी असते.

पण त्याच काळात, त्याच दरबारात बसून चित्रकारांनी काढलेले खरे सरदार बघितले की गंमत वाटते. यातले कितीतरी जण पांढऱ्या मलमलीत आहेत. इतकी तलम, की आतल्या विजारीचा रंग आणि पट्टे आरपार दिसावेत. कमरेला एक सुरेख शेला, त्यात खोचलेली कट्यार, कानात एखादा मोती. बस्स. पाच-पाच हजार स्वारांचे सेनापती हे! आमच्या नाटकाच्या विंगेत असे आले असते, तर आधी पोशाख चढवून या म्हणून कोणीतरी त्यांना मेकअपरूमकडे पिटाळलं असतं.

या चित्रांचा नाद मला कपड्यांपायी लागला. संशोधक आधी चित्रकाराची सही शोधतात, मी आधी काखेखालचे बंद शोधते. मुघल दरबारात जामा सगळेच घालत, हिंदूही आणि मुसलमानही. फरक बांधण्यात. घालणाऱ्याच्या उजव्या काखेखाली बंद असतील तर तो मुसलमान, डाव्या काखेखाली असतील तर हिंदू. चित्रावर नाव नसलं तरी राजपूत सरदार कोणता आणि इराणी-तुराणी कोणता, याचा पहिला अंदाज तिथे येतो. अकबराच्या काळातल्या जाम्याचा घेर टोकाटोकांनी खाली लोंबतो, जहांगीरच्या काळात ती टोकं मागे पडून घेर गोल होतो. कानातल्या मोत्यावरूनही काळ सांगता येतो. 1614 साली जहांगीर मोठ्या आजारातून उठला, आणि अजमेरच्या ख्वाजांचा आपण कानात बाळी घातलेला गुलाम आहोत, या भावनेने त्याने कान टोचून घेतले. बादशहाने टोचले म्हटल्यावर सरदार मागे कसे राहतील? त्यांनीही टोचले, आणि बादशहाने त्यांना मोती वाटले. तेव्हा मोती घातलेला सरदार दिसला की चित्र बहुधा 1614 नंतरचं असं धरायला हरकत नाही. दाढीचंही तेच. जहांगीर दाढी ठेवत नसे, नुसत्या मिशा. शाहजहानने दाढी राखली, आणि त्याच्या दरबारच्या चित्रांत दाढ्याच दाढ्या दिसू लागतात.

थोडक्यात, या चित्रांत अंगावरचं सगळं दरबाराचं असतं. मानाचा पोशाख म्हणजे खिलत, ती बादशहाने दिलेली. रत्नजडित कट्यार, तलवार, शेला, मोती, पुष्कळदा तेही त्याच्याच तोषाखान्यातून आलेलं. नादिरी नावाचं बिनबाह्यांचं एक वस्त्र जहांगीरने स्वतःसाठी राखून ठेवलं होतं, मर्जीतल्या माणसालाच तो ते बहाल करी. उभं राहायची ढबही ठरलेली. दोन्ही पावलं एका दिशेला, शरीर थोडं आपल्याकडे वळलेलं, चेहरा बाजूने, हात जोडलेले किंवा तलवारीच्या मुठीवर, क्वचित बोटांत एक फूल. सरदाराचा स्वतःचा असतो तो फक्त चेहरा. आणि त्या चेहऱ्यात चित्रकाराने कसलीही दयामाया दाखवलेली नसते. बसकं नाक, ओघळलेली हनुवटी, पिकलेल्या दाढीत उरलेले दोन-चार काळे केस, डोळ्यांखालच्या पिशव्या, सगळं जिथल्या तिथे.

ही पद्धत अकबराने घालून दिली. अबुल फझलने ‘आईन-इ-अकबरी’त लिहून ठेवलंय, की बादशहा स्वतः चित्रासाठी बसला आणि राज्यातल्या सगळ्या बड्या मंडळींच्या छबी काढायचा हुकूम त्याने दिला. त्यातून एक मोठा संग्रह तयार झाला. गेलेल्यांना त्यात पुन्हा जीव मिळाला आणि असलेल्यांना अमरपणाचं वचन, असा अबुल फझलचा भाव आहे. तो दरबारी लेखक, तेव्हा गोड बोलणारच. मला त्यामागे एक कोरडा हिशेबही दिसतो. अकबराच्या राज्यात प्रत्येक अधिकाऱ्याला मनसब होती, म्हणजे आकड्यात मोजलेला दर्जा. त्याच्या घोड्यांना डाग दिलेला असे, सैनिकांची वर्णनं चेहरेपट्टीसकट वहीत उतरलेली असत. स्वारांचे चेहरे शब्दांत नोंदवणारा बादशहा सरदारांचे चेहरे रंगात नोंदवून घेतो, यात नवल ते काय! चित्रशाळेचं काम दर आठवड्याला त्याच्यापुढे मांडलं जाई, आणि ते बघून चित्रकारांना बक्षीस किंवा पगारवाढ मिळे.

कामाची रीतही सांगण्यासारखी आहे. सरदार समोर असताना बहुधा नुसतं रेखाटन होई, फार तर गालाओठांवर रंगाचा हलका हात. हरणाच्या पारदर्शक कातड्यावर चेहऱ्याची बाह्यरेषा उतरवून घेत, तिला चरबा म्हणत. रेषेवर बारीक भोकं पाडून वरून कोळशाची पूड थोपटली की खालच्या कागदावर ठिपक्यांत चेहरा उमटे. कागद एकावर एक चिकटवून जाड केलेला, अकिकाच्या दगडाने घोटून गुळगुळीत केलेला. कुंचला खारीच्या केसांचा. लाजवर्दाचा निळा, हिंगुळाचा लाल, हरताळाचा पिवळा, आणि वाटून केलेलं सोनं. हा चरबा चित्रशाळेत जपून ठेवला, की तोच सरदार पुढे दहा चित्रांत वापरता येई: कधी एकटा उभा, कधी दरबाराच्या गर्दीत, कधी घोड्यावर. दाढी तेवढी पांढरी करायची. आमच्याकडे मापांची वही असते तसाच प्रकार. नट बारा गावं फिरत असला तरी त्याचं माप माझ्या कपाटात असतं.

अकबराने सुरुवात केली हे खरं, पण माझ्या मते चेहऱ्याचा खरा शौकीन त्याचा मुलगा. एकाच चित्रातले चेहरे वेगवेगळ्या चित्रकारांनी काढले असले तरी कुठला कोणाचा ते मी सांगू शकतो, नुसते डोळे आणि भुवया दुसऱ्याने काढल्या असतील तरी ओळखतो, असं जहांगीरने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. फुशारकी म्हणून सोडून द्यावं तर त्याच्या चित्रशाळेतली माणसं बघावीत: अबुल हसन, मनोहर, बिशनदास, गोवर्धन, दौलत, हाशिम. बिशनदास हुबेहूब चेहरा काढण्यात बेजोड. जहांगीरने 1613 मध्ये खान आलमला वकील म्हणून इराणच्या शाह अब्बासकडे पाठवलं तेव्हा बिशनदासलाही सोबत दिलं, शाहाचा आणि त्याच्या मुख्य सरदारांचा चेहरा टिपून आणायला. कंदाहारवरून ज्याच्याशी केव्हाही बिनसू शकतं, तो माणूस दिसतो कसा, हे बादशहाला बघायचं होतं. 1620 मध्ये ही मंडळी परतली. काम इतकं पसंत पडलं की बिशनदासला बक्षीस म्हणून हत्ती मिळाला. चित्रकाराला हत्ती! आमच्या क्षेत्रात शाल आणि श्रीफळ मिळालं तरी फोटो काढून ठेवतात.

याच जहांगीरचं एक चित्र मला फार वेळ बघवत नाही. इनायत खान हा त्याच्या अगदी जवळचा मानकरी. अफू आणि दारूने त्याचा देह पोखरला होता. 1618 मध्ये त्याने आग्र्याला जायची परवानगी मागितली, तेव्हा त्याला उचलून बादशहासमोर आणावं लागलं. हाडांवर नुसती कातडी ओढलेली. जहांगीर थक्क झाला, हळहळला, आणि त्याने चित्रकारांना हुकूम केला: याचं चित्र काढा. दुसऱ्या दिवशी इनायत खान गेला. त्याचं रेखाटन आज अमेरिकेत बॉस्टनच्या संग्रहालयात आहे, रंगवलेलं चित्र ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात. लोडाला टेकलेला सांगाडा, उघड्या छातीच्या मोजता येतील अशा बरगड्या, आणि कुठेतरी लांब लागलेली नजर. खिलत नाही, शेला नाही, कट्यार नाही. दरबाराने दिलेलं सगळं उतरलं आणि चेहरा तेवढा राहिला. जहांगीर क्रूर होता की जिज्ञासू, यावर वाद घालता येईल. मला तो दोन्ही वाटतो. पण त्या रेखाटनात चित्रकाराचा हात कुठेही थरथरलेला नाही, हे मात्र कबूल करावंच लागेल.

आता आपल्या मुलखाकडे. मुघल चित्रकारांनी दख्खनच्या माणसांचेही चेहरे काढले, आणि त्यात हाशिमचं नाव पहिलं घ्यावं लागेल. मलिक अंबर आपल्याला शाळेपासून माहीत असतो. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा, पुढे निजामशाहीचा सर्वेसर्वा, खडकी म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर वसवणारा, गनिमी काव्याने मुघलांना दमवणारा. शहाजीराजे आणि भोसले घराण्यातली मंडळी त्याच्या बाजूने लढली होती. हाशिमने 1620 च्या सुमारास काढलेली त्याची छबी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. शत्रूची छबी असून तिच्यात टिंगल नाही. वय झालेला, भारदस्त, काळाकभिन्न माणूस बाजूने उभा आहे, आणि त्याला जो मान मुघल सरदाराला मिळाला असता तोच मिळाला आहे. याच हाशिमने अब्दुर रहीम खानखानानही रंगवला. दोहे लिहिणारा कवी रहीम तो हाच, आणि बऱ्हाणपुराहून वर्षानुवर्षं मलिक अंबरशी झुंजणारा मुघल सेनापतीही हाच. ते चित्र वॉशिंग्टनच्या फ्रीर संग्रहात आहे. दोन्ही चित्रं शेजारीशेजारी ठेवून बघावीत. एकमेकांना रात्र-रात्र झोपू न देणारे दोन म्हातारे, आणि एकाच कुंचल्याने दोघांनाही सारखंच वागवलेलं.

याच्या अगदी उलट चित्र अबुल हसनचं, 1616 च्या सुमाराचं, डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयातलं. त्यात जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे, गोल बैलाच्या पाठीवर, बैल माशावर, आणि भाल्यावर खोचलेल्या मलिक अंबरच्या मुंडक्यावर बादशहा बाण सोडतोय. शेजारी अशुभ म्हणून घुबडं. प्रत्यक्षात हे मुंडकं जहांगीरच्या हाती कधीच लागलं नाही. मलिक अंबर 1626 मध्ये म्हातारपणाने, आपल्या मरणाने मेला. रणांगणावर जमलं नाही ते कागदावर करून घेतलं! राजाश्रयातल्या कलेचा हाही एक उपयोग. मला विचाराल तर हाशिमचा साधा माणूस या सगळ्या सोन्या-तेजाच्या पसाऱ्यापेक्षा कितीतरी सरस आहे.

सरदारांच्या चित्रांत पुढची गोष्ट माहीत असली की चेहरा वेगळाच दिसू लागतो. मनोहरने 1610 च्या आसपास झमाना बेगची छबी काढली, आज ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. हा झमाना बेग म्हणजे महाबत खान. चित्रात तो विश्वासू चाकर आहे. 1626 मध्ये, झेलमच्या काठी, याच चाकराने काही हजार राजपुतांनिशी खुद्द जहांगीरला ताब्यात घेतलं. नूरजहान हत्तीवर बसून नदी ओलांडायला गेली, लढली, आणि शेवटी तीही नवऱ्याच्या कैदेत सामील झाली. एवढं करूनही महाबत खान पुढे शाहजहानचा सेनापती म्हणून नांदला आणि 1633 मध्ये दौलताबादचा किल्ला त्यानेच घेतला. किल्ला त्याच्या हवाली करणारा होता मलिक अंबरचा मुलगा फतह खान.

दौलताबादचा वेढा आणि असे अनेक प्रसंग ‘पादशाहनामा’च्या सचित्र प्रतीत आहेत. शाहजहानच्या कारकिर्दीचा हा दरबारी इतिहास, 44 चित्रांसह, आज इंग्लंडमध्ये विंडसरच्या राजवाड्यात आहे. अवधच्या नवाबाकडून तो अठराव्या शतकाच्या अखेरीस तिसऱ्या जॉर्ज राजाकडे गेला. त्यातली दरबाराची चित्रं म्हणजे सरदारांच्या सुट्या छबी एकत्र मांडून केलेली जत्राच. वर झरोक्यात बादशहा, खाली ओळीने सरदार, प्रत्येकाचा चेहरा निराळा, आणि कोणीही कोणाशी बोलत नाही. बालचंद नावाच्या चित्रकाराने एका चित्राच्या कोपऱ्यात काखेत चित्रांचं बाड घेऊन स्वतःलाही उभं केलंय, ते शोधायला मला नेहमी आवडतं. याच पुस्तकात बंडखोर खानजहान लोदीचं मुंडकं उडवण्याचा प्रसंग आबिदने काढलाय. रक्त, धुरळा, छाटलेली डोकी, आणि भोवती उभे असलेले विजयी सरदार मात्र दरबारात उभे असावेत तसे स्वस्थ, बाजूने चेहरा देऊन. पहिल्यांदा हे विचित्र वाटतं. मग लक्षात येतं, की त्यांच्या छबी आधीच तयार होत्या, त्या नुसत्या रणांगणावर आणून उभ्या केल्यात.

या ओळी नीट बघितल्या की 12 मे 1666 चा आग्र्याचा दरबार मला डोळ्यांनी दिसतो. बादशहाच्या जवळ कोण, लांब कोण, आतल्या कठड्यात कोण, बाहेर कोण, यावर माणसाची किंमत ठरत होती. चित्रकारही त्याच क्रमाने चेहरे मांडत होते. शिवाजी महाराजांना उभं केलं ते पाचहजारी मनसबदारांच्या रांगेत. पुरंदरच्या तहानंतर पाचहजारी मनसब तर लहानग्या संभाजीराजांना मिळाली होती! महाराज भर दरबारात का उसळले, हे नाटकात संवादांनी सांगावं लागतं. ‘पादशाहनामा’चं एक पान उघडून दाखवलं तर संवाद लागणार नाही.

आणि आता माझा खरा मुद्दा. औरंगजेबाच्या काळात बादशाही चित्रशाळेचा तोरा उतरला, पण छबींची मागणी संपली नाही. गोवळकोंड्यात राजे-सरदारांच्या छबींचे संचच्या संच तयार होऊ लागले आणि डच, फ्रेंच, इटालियन लोक ते विकत घेऊ लागले. त्याच्याही आधी मुघल छबी ॲमस्टरडॅमपर्यंत पोचल्या होत्या. रेम्ब्रांटने त्यांच्यावरून केलेली वीसहून अधिक रेखाटनं आजही आहेत. व्हेनिसचा निकोलाओ मनुची याने मीर महंमद नावाच्या चित्रकाराकडून असाच संग्रह करून घेतला, तो आता पॅरिसला राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. शिवाजी महाराजांचं घोड्यावरचं चित्र त्यातलंच. पण मनुचीच्या चित्रांतलाच आणखी एक चेहरा, इब्राहिम खान नावाच्या सरदाराचा, आपल्याकडे बराच काळ शिवाजी महाराज म्हणून छापला जात होता. भिंतींवर लागला, लोकांनी त्याला हार घातले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांतलं चित्र पुढे आणून हा घोळ निस्तरला.

चित्रावरचं नाव हरवलं की असंच होतं. मुघल बादशहांना हे ठाऊक असावं, कारण जहांगीर आणि शाहजहान कितीतरी चित्रांवर स्वतःच्या हाताने लिहीत: ही अमक्याची छबी, अमक्याने काढली. काही दरबारचित्रांत तर सरदारांच्या अंगावरच मुंगीएवढ्या अक्षरांत नावं आहेत. नंतर ही चित्रं हातोहात फिरली, व्यापाऱ्यांनी वह्या सुट्या केल्या, चौकटीत बसावं म्हणून कडा छाटल्या, आणि कडांबरोबर नावंही गेली. आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या ट्रंकांत, देवघराच्या फळीवर, कोणाकोणाकडे अशी चित्रं अजून निघतात. तुमच्याकडे निघालं तर चौकटवाल्याला कडा कापू देऊ नका. आधी पाठ उलटून बघा, समासातलं मोडी किंवा फारसी अक्षर कितीही पुसट असलं तरी त्याचा फोटो काढून ठेवा, आणि ते वाचणारा माणूस गाठा. नाव वाचून होईपर्यंत, तो चेहरा कोणाचा आहे हे कृपा करून स्वतः ठरवू नका.